डोंगर चढवणाऱ्यांचा हिशोब

किलिमांजारोच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात. पहिली ही, की दोर, क्रॅम्पॉन, कुऱ्हाड यांतलं काहीही लागत नाही. ज्याला चालता येतं त्याला आफ्रिकेचं सर्वोच्च शिखर गाठता येतं. दुसरी म्हणजे दिवसांचा आकडा. पाच दिवस, सहा दिवस, सात दिवस. दिवस जितके कमी तितकी किंमत कमी. पहिली गोष्ट खरी आहे. नेहमीच्या वाटांनी हा पर्वत पायीच चढायचा असतो, हात लावावे लागतात ते बरांकोच्या कातळभिंतीसारख्या एखाद्या ठिकाणी. मला बोलायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. या पर्वतावर जो ट्रेक स्वस्त मिळतो, त्याची उरलेली किंमत दोन शरीरांमधून वसूल होते. एक चढणाऱ्याचं, दुसरं त्याचं ओझं वाहणाऱ्याचं. मुंबई-पुण्यातून, नाशिक-कोल्हापुरातून आता दरवर्षी ग्रुप तिकडे निघतात. त्यातल्या प्रत्येकाला हे पैसे भरण्याआधी ठाऊक असलं पाहिजे, कारण कमी किंमत मागणारा तोच असतो.

पर्वत कसा आहे ते थोडक्यात सांगतो. टांझानियाच्या उत्तरेला, केनियाच्या सीमेजवळ, विषुववृत्ताच्या तीन अंश दक्षिणेला हा ज्वालामुखींचा डोंगर उभा आहे. शिरा, मावेन्झी आणि किबो असे त्याचे तीन भाग. किबोच्या माथ्यावरचं उहुरू शिखर 5,895 मीटर उंच. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचं. किलिमांजारोवरचं मरांगूचं फाटक, जिथे नाव नोंदवून चालायला सुरुवात होते, तेच त्याहून दोनेकशे मीटर उंचीवर आहे. तिथून पर्जन्यवन लागतं, मग झुडपांचा मोकळा माळ, मग माणसापेक्षा उंच वाढणाऱ्या सेनेसियोची झाडं, मग नुसती राख आणि दगड आणि सगळ्यात वर बर्फ. विषुववृत्ताजवळ बर्फ असल्याचं योहान्नेस रेबमान या मिशनऱ्याने 1848 साली पाहून कळवलं, तेव्हा लंडनमधल्या भूगोलतज्ज्ञांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. आता तो बर्फच संपत आला आहे. 1912 ते 2007 या काळात हिमनद्यांचं सुमारे 85 टक्के क्षेत्र नाहीसं झालं.

आता उंची आणि दिवस यांचं नातं. उहुरूवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. शरीर याच्याशी जमवून घेऊ शकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य संकेत असा, की 3,000 मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम तिथेच ठेवावा. मरांगूच्या वाटेवरची पाच दिवसांची सहल या संकेताशी ताडून पाहा. पहिली रात्र मंदारा, 2,720 मीटर. दुसरी होरोंबो, 3,720. तिसरी किबो हट, 4,720. त्याच रात्री बाराच्या सुमारास उठून शिखराकडे निघायचं, म्हणजे आणखी जवळजवळ 1,200 मीटर. रोज हजार मीटर, संकेताच्या दुप्पट. या वाटेवर मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत, गाद्या आहेत, म्हणून ती सोपी मानली जाते. गादीमुळे रक्तातला प्राणवायू वाढत नाही.

आपल्याकडच्या ट्रेकरची इथे एक ठराविक फसगत होते. राजगड-तोरणा एका दमात करणारा, कात्रज ते सिंहगड हा ‘के टू एस’ रात्रीतून संपवणारा, मॅरेथॉन पळणारा माणूस समजतो की आपला दम आपल्याला तारून नेईल. उंचीचा आजार दम पाहत नाही. उलट पायांत ताकद असलेला माणूस भराभर वर चढतो आणि शरीराला जमवून घ्यायला वेळच देत नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे किलिमांजारोवर बहुतेकांना थोडंफार होतंच. पण त्याच वाटेने पुढे फुप्फुसात पाणी होतं किंवा मेंदूला सूज येते, आणि मग ताबडतोब खाली उतरवणं हाच खरा उपाय उरतो. डायामॉक्सच्या गोळीने शरीराला मदत होते, दिवसांची भरपाई होत नाही. म्हणून वाटाडे घसा कोरडा पडेपर्यंत ‘पोले पोले’ म्हणत राहतात. हळू, हळू. मचामे किंवा लेमोशोच्या वाटेवर 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत नेऊन झोपायला पुन्हा खाली 3,976 मीटरवरच्या बरांकोला उतरवतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. दिवसा उंची दाखवायची, रात्री शरीराला सावरू द्यायचं.

एवढं सगळं माहीत असताना पाच आणि सहा दिवसांचे ट्रेक विकले का जातात? कारण किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसावर आकारलं जातं. गेल्या काही वर्षांचे परदेशी पाहुण्यांसाठीचे दर घेतले तर माणशी दिवसाला 70 डॉलर संरक्षण शुल्क, तंबूत राहिल्यास रात्रीचे 50 डॉलर आणि बचावकार्यासाठी एकरकमी 20 डॉलर. सहा दिवस-पाच रात्रींचे 690 डॉलर होतात, आठ दिवस-सात रात्रींचे 930. त्यावर 18 टक्के कर वेगळा. ही रक्कम सरकारी आहे, तिच्यात घासाघीस होत नाही. अन्न, गाडी, तंबू, गॅस यांच्या किमतीही फारशा हलत नाहीत. मग एखादी कंपनी दुसरीपेक्षा चार-पाचशे डॉलरने स्वस्त विकते तेव्हा ते पैसे कुठून येतात, हा प्रश्न सरळ आहे. हात आखडता घेता येईल अशा दोनच जागा उरतात: डोंगरावरचे दिवस आणि डोंगरावरच्या माणसांची मजुरी.

ही माणसं किती असतात, याचा अंदाज घरी बसून येत नाही. एका पाहुण्यामागे साधारण तीन-चार पोर्टर लागतात, शिवाय मुख्य गाईड, त्याचे सहायक, स्वयंपाकी. दहा जणांच्या ग्रुपबरोबर चाळीसच्या आसपास माणसं डोंगर चढत असतात. पाहुणा पाठीवर पाणी, रेनकोट आणि कॅमेरा घेऊन चालतो. बाकी सगळं, म्हणजे त्याची डफल बॅग, झोपण्याचा तंबू, जेवणाचा तंबू, टेबल-खुर्च्या, गॅसच्या टाक्या, सात दिवसांचा शिधा, अंडी, कलिंगडं, पैसे मोजले असतील तर तंबूसकट शौचालयसुद्धा, पोर्टरच्या डोक्यावर नाहीतर मानेवर असतं. सकाळी पाहुणे निघाल्यावर तंबू उपटायचे, गुंडाळायचे, वाटेत पाहुण्यांना मागे टाकून पुढच्या मुक्कामी पोचायचं आणि ते येण्याआधी चहा तयार ठेवायचा. नियमाने पोर्टरच्या अंगावर कंपनीचं 20 किलोपेक्षा जास्त ओझं देता येत नाही. फाटकावर आणि मुक्कामांवर काटे आहेत, वजन होतं. पण अनेकदा काट्यापुढे गेल्यावर ओझी पुन्हा वाटली जातात, चार जणांचं सामान तिघांच्या अंगावर येतं, आणि जेवण तीन वेळांऐवजी एका वेळेवर येतं. झोपायला धड तंबू नसतो, म्हणून पाहुण्यांची जेवणं उरकून जेवणाचा तंबू रिकामा होईपर्यंत थंडीत थांबायचं आणि मग त्यातच दाटीवाटीने आडवं व्हायचं. पायात दुसऱ्याने टाकून दिलेले बूट, अंगात अपुरे कपडे. पोर्टरही उंचीने आजारी पडतो, त्यालाही थंडी बाधते. त्याच्या बातम्या आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

मजुरीचा आकडा असा. पोर्टरसाठी अनेक वर्षं किमान मानला गेलेला दर दिवसाला 20,000 टांझानियन शिलिंग, म्हणजे आठ डॉलरच्या आसपास. त्याच दिवसाचं आणि रात्रीचं पाहुण्याचं उद्यान शुल्क 120 डॉलर. मी हे दोन आकडे शेजारी ठेवतो ते शुल्क चुकीचं आहे म्हणून नाही. त्यातूनच जंगल राखलं जातं, आणि या जंगलात मुरलेल्या पाण्यावर पायथ्याची शेती चालते. पण आठ डॉलरसुद्धा न देता पोर्टरला ‘टीप मिळेल तेवढी तुझी’ म्हणून डोंगरावर नेणाऱ्या कंपन्या असतील, तर त्या टिकतात कुणाच्या जिवावर? आपल्याकडे म्हणतात, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका. किलिमांजारोच्या स्वस्त ट्रेकमध्ये दोन्हीकडे मार बसतो. 2022 मध्ये 3,720 मीटरवरच्या होरोंबोला वेगवान इंटरनेट पोचलं. पाहुण्याचा फोटो तिथून क्षणात घरी पोचू शकतो. पोर्टरच्या तंबूची सोय मात्र अजूनही कंपनी कोणती यावर अवलंबून आहे.

हा डोंगर कुणाच्या जिवावर चढला जातो, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या चढाईचा इतिहासच देतो. जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मायर 1887 मध्ये पहिल्यांदा आला आणि बर्फाच्या कड्यापाशी अडला. 1888 मध्ये किनाऱ्यावरच्या अबुशिरीच्या उठावात सापडला, कैद झाला, खंडणी देऊन सुटला. 1889 मध्ये ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर याला घेऊन तो पुन्हा आला आणि 6 ऑक्टोबरला शिखरावर उभा राहिला. तिसऱ्या खेपेला काय बदललं? पुर्टशेलरचं बर्फावरचं कौशल्य होतंच. पण मायरला एवढं कळलेलं होतं, की वर अन्न संपलं की माणूस खाली उतरतो. म्हणून त्याने वाटेवर टप्प्याटप्प्याने तळ उभे केले आणि मरांगूहून ठराविक दिवसांनी ताजा शिधा वर येत राहील अशी व्यवस्था केली. पहिला प्रयत्न फसला की खालच्या तळावर उतरायचं, खायचं, विसावायचं आणि पुन्हा वर जायचं. ही व्यवस्था माणसांच्या डोक्यावरून चालली. पांगानीचा मुइनी अमानी तर वरच्या तळावर त्या थंडीत एकटा राहून स्वयंपाक, पाणी, सरपण बघत होता. शिखराला नाव मिळालं जर्मन सम्राट विल्हेल्मचं. 1961 च्या डिसेंबरात टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला, लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडाने शिखरावर झेंडा आणि मशाल नेली, आणि तेव्हापासून ते उहुरू म्हणजे स्वातंत्र्य शिखर झालं. मरांगूचा योहानी किन्याला लाउवो मायरचा वाटाड्या होता असं मानून त्याचा गौरव व्हायला 1989 सालची शताब्दी उजाडावी लागली. तो त्याच मोहिमेत होता की नंतरच्या, यावर वाद आहे. पण हा वाद उरावा हेच मला बोलकं वाटतं. कोण कुठल्या तारखेला शिखरावर पोचला याची नोंद काटेकोर आहे आणि वाट दाखवणारा कोण होता हे शंभर वर्षांनी ठरवावं लागतं.

‘आपण गेलो म्हणून त्यांना रोजगार मिळतो’ हा मुद्दा हमखास पुढे येतो, आणि त्यात तथ्य आहे. 2019 मध्ये टांझानिया सरकारने डोंगरावर केबल कार उभारण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा गाईड आणि पोर्टर यांनीच त्याला विरोध केला. त्यांना हे काम हवं आहे. पण काम हवं असणं आणि कुठल्याही मजुरीला तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महाराष्ट्राला हे शिकवायला नको. मुंबईच्या बाजारांतला आणि गोद्यांमधला कामगारही काम हवं म्हणूनच डोक्यावर पोतं घेत होता. अण्णासाहेब पाटलांनी त्याला संघटित केलं, बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, आणि 1969 मध्ये या राज्याने माथाडी कायदा केला. मजुरीचा हिशोब मंडळामार्फत व्हावा, म्हातारपणासाठी काही शिल्लक राहावी, ओझं वाहणं हा हक्क असलेला व्यवसाय मानला जावा, ही या मातीतली कमाई आहे. त्याच मातीतला माणूस विमानात बसून पर्वताच्या पायथ्याच्या मोशी गावी पोचल्यावर ‘टीप देऊ ना’ म्हणून मोकळा होतो, हे मला पटत नाही.

किलिमांजारोच्या पायथ्याची माणसंही कुणाच्या दयेवर जगत आलेली नाहीत. पर्वताच्या दक्षिण उतारावरच्या चाग्गा शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी चरांनी खाली आणून केळीच्या बागा पोसल्या, त्या बागांत कॉफी लावली, आणि 1933 मध्ये कॉफी विकण्यासाठी आपला सहकारी संघ स्थापन केला. प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला तो त्यानंतर, 1950 मध्ये. आज पोर्टर होणारे सगळेच चाग्गा नसतात. शेतीत भागत नाही, शाळेची फी भरायची आहे, म्हणून दूरदूरहून तरुण फाटकापाशी कामाच्या आशेने उभे राहतात. एका जागेसाठी दहा जण उभे असले की मजुरी पडते. इथेच पाहुण्याच्या बाजूने आलेला दबाव उपयोगी पडतो, आणि तो पडल्याचा दाखलाही आहे. 2003 पासून किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था मोशीत काम करते. पोर्टरला डोंगरावर वापरायला गरम कपडे ती फुकट देते, आणि जबाबदार कंपन्यांची यादी ठेवते. मजुरी, जेवण, तंबू, ओझं आणि टीपचं वाटप नीट आहे का, हे ती पोर्टरांकडूनच तपासून घेते. ही यादी पाहूनच बुकिंग करणारे पाहुणे वाढले की कंपन्या बदलतात.

दुसरा आक्षेप आपल्याच ट्रेकिंगच्या जगातून येतो आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. आपली सॅक आपण वाहायची, चूल आपण पेटवायची, गडावरच्या टाक्यातून पाणी आपण काढायचं, अशा संस्कारात सह्याद्रीतला ट्रेकर वाढतो. त्यातल्या जुन्याजाणत्यांना किलिमांजारोचा सगळा थाट ट्रेकच वाटत नाही. हमालाच्या डोक्यावर खुर्ची देऊन चढण्यापेक्षा जाऊच नये, असं ते म्हणतात. संस्कार मोलाचा आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. उद्यानाच्या नियमाने परवानाधारक गाईडशिवाय वर जाताच येत नाही, आणि आठ दिवसांचा शिधा-तंबू एकट्याने 4,600 मीटरवर नेणं बहुतेकांच्या आवाक्यातलं नाही. दुसऱ्याच्या मदतीने चढण्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो ती मदत हिशोबातून आणि गोष्टीतून गाळण्यात. त्या संस्काराचा उपयोग इथे वेगळ्या तऱ्हेने करता येतो: सामान कमी न्या, वाहून न्यायचं शौचालय खरंच हवं का याचा विचार करा, आपला दिवसाचा भार आपण उचला. जी सवय सह्याद्रीने लावली ती बॅग भरताना तरी पाळावी.

टीपबद्दलही दोन शब्द. शिखर झालं तर भरघोस आणि नाही झालं तर हात आखडता, हा प्रकार घातक आहे. गाईडचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे योग्य क्षणी ‘आता खाली’ असं म्हणणं. रात्री बाराला बराफूच्या मुक्कामावरून, 4,673 मीटरवरून, डोक्याला दिवा लावून निघालेला माणूस पहाटे शिखराआधीच्या स्टेला पॉइंटखाली अडखळायला लागतो, बोलणं जड होतं, चाल तिरपी पडते. त्या क्षणी गाईडला निर्णय घ्यायचा असतो. त्याच्या घरखर्चाचा मोठा भाग टीपवर अवलंबून असेल आणि ती टीप शिखरावर, तर आपणच त्याच्या निर्णयात खोट घातली. शिवाय आपल्याकडे शिखरानंतरचा सोहळा आधीच ठरलेला असतो. शिवजयंतीला किंवा प्रजासत्ताक दिनाला माथ्यावर झेंडा, वर्तमानपत्रात फोटो, गावात सत्कार. तारीख शिवजयंतीची म्हणून डोंगर थांबत नाही. महाराजांबद्दलचा आदर मीही बाळगतो, म्हणूनच सांगतो: त्यांनी गड जिंकले तसे वेळ पाहून सोडलेही, आणि पुरंदरच्या तहात 23 किल्ले दिल्याने त्यांचं मोठेपण उणावलं नाही. 5,700 मीटरवरून माघारी फिरलेल्या माणसाचाही सत्कार करणारं गाव मला पाहायचं आहे.

पुढच्या जून-ऑक्टोबरच्या किंवा जानेवारी-मार्चच्या हंगामासाठी तुम्ही पैसे भरणार असाल, तर आधी इथल्या आयोजकाला लेखी विचारा. टांझानियातली कंपनी कोणती, आणि ती पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टच्या यादीत आहे का? पोर्टरला दिवसाला किती शिलिंग मिळतात आणि ट्रेक संपल्यावर किती दिवसांत? जेवण किती वेळा, झोपायला स्वतंत्र तंबू आहे का? शिखर न झाल्यास गाईडच्या पैशात काही फरक पडतो का? निदान सात, शक्यतो आठ दिवसांचाच बेत घ्या. टीपची रक्कम निघण्याआधी ठरवा, शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या देखत आकडा मोठ्याने सांगा आणि पोर्टरचे पैसे पोर्टरच्या हातात द्या. उत्तर टाळलं गेलं तर दुसरा आयोजक शोधा. आणि आठ दिवसांचे पैसे आज जमत नसतील, तर एक वर्ष थांबून साठवा आणि मग जा.